सोयीचे वर्ष १९९०

हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय करारांत १९९० हे वर्ष पुन्हा पुन्हा भेटते. उत्सर्जन किती घटवले हे १९९० च्या तुलनेत सांगायचे, हा रिवाज १९९२ च्या रिओ करारात आला आणि १९९७ च्या क्योटो करारात पक्का झाला. वर्ष तसे निरुपद्रवी वाटते. वाटाघाटी सुरू झाल्या त्या वेळचे, आकडे बऱ्यापैकी हाताशी असलेले. पण तोवर कारखान्यांसाठी कोळसा जाळायला सुरुवात होऊन दोन शतके उलटली होती. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शेकडो वर्षे टिकून राहतो. मँचेस्टरच्या गिरण्यांच्या धुराड्यांतून निघालेल्या वायूचा काही भाग आजही वर आहे. १८५० पासूनचा हिशोब मांडला तर इंधने जाळून झालेल्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश भरतो, युरोपीय संघाचा साधारण सहावा हिस्सा, चीनचा सातवा, आणि भारताचा जेमतेम तीन-चार टक्के. वही १९९० ला उघडली की आधीची पाने दिसेनाशी होतात.

मोठ्या देशांनी गेल्या पस्तीस वर्षांत काय केले आणि का केले, याचा माग काढताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. जबाबदारी दाखवून दिली म्हणून कोणताही बडा देश हललेला नाही. तो हलला तेव्हा त्याच्या घरात दुसरेच काहीतरी चालू होते.

२३ जून १९८८ रोजी वॉशिंग्टनमध्ये अंगाची लाही लाही होत होती आणि अमेरिकेचा शेतीचा पट्टा दुष्काळाने होरपळत होता. त्या दिवशी नासाचे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की पृथ्वी तापते आहे आणि हा निसर्गाचा नेहमीचा चढउतार नव्हे, याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होते, पण राजकारणात विषय शिरला तो त्या उन्हाळ्यात. त्याच महिन्यात टोरांटोच्या परिषदेने २००५ पर्यंत उत्सर्जन २० टक्क्यांनी घटवण्याची हाक दिली. वर्ष संपण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली हवामान बदलाचा अभ्यास करणारी आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, स्थापन झाली.

या प्रश्नावर सर्वांत आधी बोललेला बडा नेता कोण, तर मार्गारेट थॅचर. सप्टेंबर १९८८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी पृथ्वीच्या तापमानावर भाषण केले. थॅचरबाई ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांची कळकळ खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण १९८४-८५ मध्ये कोळसा खाणकामगारांचा वर्षभराचा संप त्यांनीच मोडून काढला होता आणि अणुऊर्जेच्या त्या पाठीराख्या होत्या. कोळशाला बदनाम करणारे विज्ञान त्यांना राजकारणात अडचणीचे नव्हते. पुढे वीज कंपन्यांचे खासगीकरण झाले. उत्तर समुद्रातला गॅस स्वस्त होता आणि तो जाळून वीज करण्यावरचे युरोपीय निर्बंध १९९१ मध्ये उठले. १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारने ३१ खाणी बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा लंडनमध्ये मोर्चे निघाले. त्या साऱ्या गदारोळात हवामानाचे नाव कोणी फारसे घेतले नाही. उत्सर्जन मात्र उतरू लागले.

जर्मनीची गोष्ट याहून नाट्यमय आहे. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली, पुढच्याच वर्षी देश एक झाला. पूर्व जर्मनी लिग्नाइटवर चालत असे. हा कोळसा ओलसर, कमी उष्णतेचा आणि बेसुमार धूर करणारा. एकीकरणानंतर पूर्वेचे जुनाट कारखाने बाजाराच्या पहिल्या झुळकीत कोसळले, लाखो कामगार घरी बसले, आणि दहा वर्षांच्या आत तिथले लिग्नाइटचे उत्पादन एक तृतीयांशाच्याही खाली आले. म्हणजे १९९० च्या आकड्यांत तो सगळा धूर जमा होता आणि पुढच्या दशकात तो आपोआप वजा होणार होता. युरोपने नंतर हवामानाच्या प्रश्नावर नेतृत्वाचा जो झेंडा हाती घेतला, त्याच्या काठीचा बराच भाग पूर्व जर्मनीच्या बंद पडलेल्या भट्ट्यांचा होता.

याच सुमारास वॉशिंग्टनमधल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० च्या अहवालात उत्सर्जनानुसार देशांची क्रमवारी लावली. तीत भारत, चीन आणि ब्राझील बड्या दोषींच्या रांगेत दिसत होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला पुस्तिकेतून उत्तर दिले. गरीब शेतकऱ्याच्या भाताच्या खाचरातून आणि गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन एका पारड्यात, श्रीमंताच्या मोटारीतून निघणारा धूर दुसऱ्या पारड्यात, आणि दोन्ही सारखेच, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन हा फरक तिथून जगभर पोचला. माणशी हक्क सारखा धरला तर भारत आपल्या वाट्याच्या आत होता. हा हिशोब वाटाघाटींत नेण्याचे काम चंद्रशेखर दासगुप्ता यांच्यासारख्या मुरब्बी राजनयिकांनी केले. ९ मे १९९२ रोजी न्यूयॉर्कमध्ये संमत झालेला आणि जूनमध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत सह्यांसाठी खुला झालेला करार त्यामुळेच सगळ्यांची जबाबदारी मान्य करतो, पण ती सगळ्यांवर सारखी टाकत नाही. श्रीमंत देशांनी आधी पावले उचलावीत, असे त्यात स्पष्ट आहे.

अमेरिकेने त्या करारावर सही केली आणि सिनेटने तो चटकन मंजूरही केला. कारण थोरल्या बुश यांच्या सरकारने त्यातून बंधनकारक आकडे आधीच काढून घेतले होते. सन २००० पर्यंत १९९० च्या पातळीवर परतावे, एवढी सदिच्छा उरली.

तीन वर्षांनी बर्लिनमध्ये या करारातल्या देशांची पहिली परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या जर्मनीच्या तरुण पर्यावरणमंत्री अँगेला मर्केल, स्वतः पूर्व जर्मनीत वाढलेल्या. भारताच्या बाजूने पर्यावरणमंत्री कमल नाथ होते. भारताने तेल उत्पादक देशांना बाजूला ठेवून बुडण्याच्या भीतीत असलेल्या बेटांशी जुळवून घेतले आणि श्रीमंत देशांवर आकडे लादायचे, विकसनशील देशांवर नवे बंधन नाही, असा ठराव पदरात पाडून घेतला. भारतीय राजनयाचा हा सर्वांत यशस्वी क्षण असावा. अमेरिकेतल्या विरोधाला सर्वांत मोठे निमित्तही त्यानेच पुरवले.

२५ जुलै १९९७ रोजी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी एक ठराव केला. मांडणारे होते डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड आणि रिपब्लिकन चक हेगेल. बर्ड वेस्ट व्हर्जिनियाचे, म्हणजे कोळशाच्या खाणींच्या राज्याचे. विकसनशील देशांवर त्याच मुदतीत बंधने येणार नसतील, किंवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर धक्का बसणार असेल, तर अमेरिकेने अशा करारावर सही करू नये, असे ठराव सांगत होता. आंतरराष्ट्रीय करार मंजूर व्हायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. इथे एकही मत विरोधात नव्हते. क्योटोची परिषद सुरू व्हायच्या चार महिने आधीच तिचा अमेरिकेतला निकाल लागला होता.

तरीही डिसेंबर १९९७ मध्ये सगळे क्योटोला जमले. वाटाघाटी ताणल्या जात होत्या तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष अल गोर विमानाने येऊन दाखल झाले आणि आपल्या शिष्टमंडळाने अधिक लवचीक व्हावे असे सांगून गेले. शेवटची रात्र १० डिसेंबरची. ती सरून ११ चा दिवस उजाडला तरी बैठक चालूच होती. दुभाषे उठून गेले. अर्जेंटिनाचे राउल एस्ट्राडा अध्यक्षपदी होते. विकसनशील देशांना स्वेच्छेने बंधन पत्करता यावे असे एक कलम मसुद्यात होते. चीन आणि भारत त्यावर तुटून पडले. आज ऐच्छिक म्हणाल, उद्या सक्ती कराल, अशी त्यांची धास्ती होती. एस्ट्राडांनी कलम वगळले आणि हातोडा आपटत पुढे सरकत राहिले.

आकडे ठरले: युरोपीय संघ उणे ८ टक्के, अमेरिका उणे ७, जपान उणे ६, रशिया शून्य. सरासरी ५.२ टक्क्यांची घट, २००८ ते २०१२ या काळात. या आकड्यांमागे कुठलेही सूत्र नाही. ज्याला जेवढे ताणता आले तेवढे त्याने ताणले. युरोपने आपला ८ टक्क्यांचा बोजा आतल्या आत वाटून घेतला तेव्हा जर्मनीने २१ टक्के घट स्वीकारली, ब्रिटनने साडेबारा, आणि पोर्तुगालला २७ टक्के वाढीची मुभा मिळाली. जर्मनी आणि ब्रिटन उदार दिसले. त्यांच्या हातातली पुंजी कुठली, ते वर आलेच आहे.

ऑस्ट्रेलियाची कामगिरी मात्र वेगळ्या धाटणीची. त्या देशाने ८ टक्के वाढ मिळवली, आणि वर एक कलम. १९९० मध्ये ज्या देशाची जंगलतोड ही उत्सर्जनाचा निव्वळ स्रोत होती, त्याने ते उत्सर्जन आधार वर्षाच्या आकड्यात धरावे, असे ते कलम. क्वीन्सलंडमध्ये त्या काळात माळराने आणि झाडी प्रचंड प्रमाणात साफ केली जात होती, आणि पुढे ते प्रमाण उतरले. म्हणजे आधार वर्ष फुगवून ठेवायचे, मग कोळशाची वीज वाढवत न्यायची, आणि तरीही कागदावर लक्ष्य गाठलेले दाखवायचे. पहाटेच्या गडबडीत ही तरतूद मंजूर झाली. एवढे पदरात पाडून जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने करार मंजूर केलाच नाही. ते काम डिसेंबर २००७ मध्ये, सत्तेवर येताक्षणी, केव्हिन रड यांनी केले.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९८ मध्ये सही केली, पण करार सिनेटकडे धाडण्याचे टाळले. मार्च २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी सिनेटरांना पत्र लिहून क्योटोला विरोध कळवला. कारण तेच: चीन आणि भारत मोकळे, आम्ही बांधलेले.

आता करार जगणार की मरणार हे एका गणितावर अवलंबून होते. किमान ५५ देश, आणि श्रीमंत गटाच्या १९९० च्या उत्सर्जनापैकी ५५ टक्के, अशी दुहेरी अट होती. अमेरिकेचा वाटा ३६.१ टक्के; ती गेल्यावर उरले ६३.९. रशियाचा वाटा १७.४. रशिया गेला तर उरतात ४६.५, आणि करार संपतो. ज्या देशाने क्योटोत शून्य टक्के घट कबूल केली होती, त्याच्या हाती सगळ्यांचा गळा आला.

रशियाला खरे तर क्योटोत तोटा नव्हता. सोव्हिएत संघ कोसळून कारखाने बंद पडले होते आणि उत्सर्जन १९९० च्या तुलनेत जवळपास एक तृतीयांशाने खाली होते. मोकळा राहिलेला हा कोटा विकून पैसे मिळवता आले असते, पण सर्वांत मोठे गिऱ्हाईक, अमेरिका, बाजारातून उठून गेले होते. पुतिन यांचे आर्थिक सल्लागार आंद्रेई इलारियोनोव्ह कराराविरुद्ध उघड बोलत होते. पुतिन मात्र थांबून राहिले. त्यांना जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश हवा होता आणि युरोप रशियातल्या स्वस्त गॅसच्या दरांवर आक्षेप घेत होता. मे २००४ मध्ये मॉस्कोत युरोपीय संघाने रशियाच्या प्रवेशाला संमती दिली. त्याच दिवशी पुतिन म्हणाले, की युरोपने व्यापाराच्या बाबतीत दाखवलेल्या समजूतदारपणाचा क्योटोबाबतच्या आमच्या भूमिकेवर अनुकूल परिणाम होईल. ऑक्टोबरमध्ये रशियाच्या संसदेने, ड्यूमाने, करार मंजूर केला आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी तो अमलात आला. गंमत अशी, की व्यापार संघटनेचे सदस्यत्व रशियाला मिळाले ते थेट २०१२ मध्ये.

क्योटोने विकसनशील जगात काय केले, याचे एक दृश्य महाराष्ट्रातही आहे. श्रीमंत देशांनी गरीब देशांत स्वच्छ प्रकल्पांना पैसे द्यावेत आणि त्याचे श्रेय स्वतःच्या खात्यात मांडावे, अशी एक यंत्रणा करारात होती. साताऱ्याच्या पठारांवर आणि धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांपैकी काहींनी हे कार्बन क्रेडिट मिळवले. पण त्यांचे बरेचसे मालक तिथे गेले ते आयकरातल्या घसाऱ्याच्या सवलतीसाठी. यंत्राच्या किमतीचा ८० टक्के, आणि त्याआधी पूर्ण १०० टक्के, घसारा पहिल्याच वर्षी दाखवता येई. वाऱ्यापेक्षा करसल्लागार अधिक भरवशाचा होता. आणखी विचित्र प्रकार चीन आणि भारतातल्या शीतक वायूंच्या कारखान्यांत घडला. तिथे एचएफसी-२३ हा वायू उपउत्पादन म्हणून निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापवणारा धरला जाई, म्हणून तो जाळून टाकल्याबद्दल एवढे क्रेडिट मिळे की मूळ वायू विकून होणारी कमाई त्यापुढे फिकी पडे. युरोपने अखेर २०१३ पासून असे क्रेडिट घेणे बंद केले.

दरम्यान चीन बदलला होता. डिसेंबर २००१ मध्ये तो व्यापार संघटनेत शिरला आणि जगाचे कारखाने त्याच्या किनाऱ्यावर आले. २००६ मध्येच त्याने वार्षिक उत्सर्जनात अमेरिकेला मागे टाकल्याचे डच संशोधकांनी पुढच्या वर्षी जाहीर केले. तिथला बराच धूर अमेरिकेत आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा होता, हे खरे. पण बर्लिनमध्ये भारत आणि चीन यांना एका बाकावर बसवणारी मांडणी त्यानंतर टिकणे अवघड होते. चीनचे दरडोई उत्सर्जन आज आठ टनांच्या घरात आहे, युरोपपेक्षा जास्त. अमेरिकेचे १४ टनांच्या आसपास. भारताचे दोन टन. भारतालाही घरातून टोचणी मिळाली. देशातले श्रीमंत गरिबांच्या सरासरीआड लपतात, असा ठपका ग्रीनपीसच्या भारतीय शाखेने २००७ मध्ये ठेवला. त्याच वर्षी मनमोहन सिंग यांनी जर्मनीत सांगितले की भारताचे दरडोई उत्सर्जन विकसित देशांच्या पुढे कधीच जाणार नाही. हे वचन सावध होते आणि चतुरही, कारण घटवण्याचा चेंडू त्याने पुन्हा श्रीमंतांकडे टोलवला.

कोपेनहेगनच्या परिषदेत, डिसेंबर २००९ मध्ये, जुनी मांडणी मोडली. परिषदेपूर्वी भारताचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत २००५ च्या तुलनेत उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन २०२० पर्यंत २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले होते. जुने वाटाघाटीकार त्यामुळे नाराज झाले. १८ तारखेच्या संध्याकाळी ओबामा चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना भेटायला निघाले, तर त्या खोलीत मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा आधीच बसलेले. ओबामा सरळ आत शिरले. त्या खोलीतच समझोत्याचा गाभा ठरला. युरोप बाहेर होता. रात्रीच्या खुल्या बैठकीत छोट्या देशांनी संताप व्यक्त केला आणि परिषदेने समझोत्याची फक्त ‘नोंद’ घेतली. गरीब देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभारून देण्याचे वचन त्यात होते. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशोबाने तो आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, तोही मोठ्या प्रमाणात कर्जांच्या रूपाने.

पॅरिसबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे थोडक्यात आटोपतो. २०१५ च्या त्या करारात प्रत्येक देशाने आपले लक्ष्य स्वतःच ठरवायचे होते आणि आकडे बंधनकारक नव्हते. अमेरिकेला तो सिनेटकडे न नेता स्वीकारता यावा, ही त्या रचनेमागची एक मोठी गरज. ९५-० चा ठराव अठरा वर्षांनंतरही खोलीत हजर होता. भारतातर्फे पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री म्हणून वाटाघाटी करत होते. हवामान न्याय आणि जीवनशैली यांचा उल्लेख भारताने प्रस्तावनेत आणवला. प्रस्तावनेत, कलमांत नाही. सिनेटला टाळून आलेला करार सिनेटशिवाय सोडताही येतो, हे ट्रम्प यांनी दोनदा दाखवले.

उत्सर्जनाच्या वक्ररेषेला सर्वांत जास्त वाकवणारी गोष्ट या सभागृहांत घडलीच नाही, असे माझे मत आहे. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला चढा दर हमीने दिला, आणि त्या मागणीसाठी चीनच्या कारखान्यांनी पॅनेल बनवायला सुरुवात केली. बीजिंगमध्ये हवामानाचे भाषण ऐकून कोणी कारखाने काढले नव्हते. स्थानिक सरकारांना उद्योग आणि निर्यात हवी होती. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगवर विषारी धुरक्याची चादर पसरली आणि पुढच्या वर्षी पंतप्रधान ली केकियांग यांनी प्रदूषणाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा सत्ताधारी पक्षाला शहरी मध्यमवर्गाचा राग दिसत होता. पॅनेलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा आज ८० टक्क्यांहून अधिक आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठी शेकडो अब्ज डॉलरच्या सवलती जाहीर केल्या त्या चीनला गाठण्यासाठी, आणि भारताने त्याच वर्षी आयात पॅनेलवर ४० टक्के शुल्क बसवले तेही त्याच कारणाने. २०२५ च्या मध्यापर्यंत भारताची निम्मी वीजनिर्मिती क्षमता जीवाश्म इंधनांशिवायची झाली. प्रत्यक्ष विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचाच आहे.

युरोपने आता पुढचे पाऊल टाकले आहे. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते अशा मालावर, तो बनवताना झालेल्या उत्सर्जनानुसार, सीमेवर आकारणी. कारखाने कार्बनचा दर नसलेल्या देशांत पळून जाऊ नयेत, असे युरोप सांगतो. आपल्या उद्योगांचे संरक्षण हा हेतूही त्यात झाकलेला नाही. जुना साठा ज्यांचा, त्यांनीच नव्या टनामागे आमच्याकडून पैसे घ्यायचे, हा भारताचा आक्षेप आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात परिषद भरली तेव्हा अमेरिकेने अधिकृत शिष्टमंडळच पाठवले नाही. भारत, चीन आणि इतर विकसनशील देशांनी तिथे अशा एकतर्फी व्यापारी उपायांचा विषय लावून धरला. परिषदेने त्यावर पुढची काही वर्षे संवाद चालवायचे ठरवले. आकारणी १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला लागू व्हायची होती, ती झाली.